ओव्हलवरचा पहिला हंगाम

पुण्याहून कमिन्सच्या कामानिमित्त इंडियानातील कोलंबसला, किंवा जॉन डिअरच्या कामानिमित्त आयोवातील वॉटर्लूला जाऊन तेथेच स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. तथापि यंत्रांशी ज्यांचा दिवसभर संबंध, अशांपैकीही पुष्कळांना आपल्या घरापासून तासाभराच्या टप्प्यात मातीचा एखादा ओव्हल ट्रॅक आहे, तेथे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर शुक्रवारी वा शनिवारी रात्री मोटारींच्या शर्यती होतात, आणि त्यांतील सर्वांत खालच्या वर्गात वीस वर्षांपूर्वीच्या होंडा सिव्हिकमध्ये किंवा डॉज निऑनमध्ये बसून गावातलाच सुतार, ट्रकचालक नि शाळामास्तर एकमेकांशी झुंजत असतात, याची वार्ताही नसते. ज्यांना ती आहे, आणि प्रेक्षकांच्या फळ्यांवर बसून दोन-चार रात्री काढल्यावर आपणही एकदा आत उतरावे अशी ऊर्मी ज्यांच्या मनात उठली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या खेळाची जागा कोणती, हे प्रथम ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या रीतिभाती अनाकलनीय वाटत नाहीत. मध्यपश्चिमेतले पुष्कळसे ट्रॅक हे मुळात जिल्ह्याच्या कृषिजत्रेच्या मैदानातले घोड्यांच्या शर्यतींचे अर्ध्या मैलाचे फेरे होते. घोडे डावीकडे वळत पळत, म्हणून मोटारीही डावीकडेच वळू लागल्या. अशा जत्रांतल्या मोटारशर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९१५ साली स्थापन झालेली ‘आयएमसीए’ ही संस्था आजही आयोवातील व्हिंटन या छोट्या गावातून आपला कारभार चालवते आणि देशभरच्या हजारो स्थानिक चालकांना परवाने देते. ‘नॅसकार’चा जन्म त्यानंतर पुष्कळ उशिरा, १९४८ सालचा, परंतु तिचेही मूळ अशाच लहान ट्रॅकांत आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या पाव मैलाच्या डांबरी फेऱ्यावर १९४९ पासून ती साप्ताहिक शर्यती भरवत आली आहे. आपल्याकडची कोइंबतूरची कारी किंवा चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टई ही डाव्या-उजव्या वळणांची सर्किटे होत. तेथे किंवा गो-कार्टिंगच्या मैदानावर ज्यांनी हात साफ केला असेल, त्यांना ओव्हलवर एकाच दिशेला वळायचे आहे हे ऐकून प्रथम हसू येते. ते हसू पहिल्या हीटच्या, म्हणजे प्राथमिक शर्यतीच्या, दुसऱ्या वळणापर्यंत टिकते.

आता मुख्य प्रतिपाद्य एकदा स्वच्छ शब्दांत मांडून टाकतो. पहिल्या हंगामात गाडी वेगवान करण्यावर एक डॉलरही खर्च करू नये. प्रथम चालकाच्या शरीराच्या रक्षणावर, नंतर गाडी शेवटच्या फेरीपर्यंत धडपणे चालावी यावर, आणि उरलेच तर प्रवेशशुल्कावर, म्हणजेच ट्रॅकवरच्या फेऱ्यांवर, खर्च करावा. नवशिक्याला उणीव असते ती अश्वशक्तीची नव्हे, फेऱ्यांची. आणि या खेळात फेरी ही वस्तू किती दुर्मिळ आहे हे साध्या त्रैराशिकाने कळते. पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर खालच्या वर्गाची गाडी ताशी सरासरी पन्नास मैलांनी धावली तर एका फेरीला अठरा सेकंद लागतात. संध्याकाळी सरावाच्या, ज्यांना तेथे ‘हॉट लॅप्स’ म्हणतात त्या, तीन-चार फेऱ्या. त्यानंतर हीटच्या सहा-आठ. आणि शेवटी फीचर म्हणजे मुख्य शर्यतीच्या बारा-पंधरा. सर्व मिळून पंचवीसच्या आसपास, म्हणजे आठ मिनिटांहून कमी वेळ. शनिवारचा अख्खा दिवस, ट्रेलर ओढण्याचे पेट्रोल आणि मध्यरात्रीनंतरचे घरी येणे, या सर्वांचे फळ एवढेच. त्यातही गाडी हीटमध्येच बंद पडली तर हाती येते ते दोन-अडीच मिनिटांचे शिक्षण. ज्याने फेरीची ही किंमत ओळखली, तो मोठ्या कॅमशाफ्टच्या जाहिराती वाचण्यात वेळ दवडणार नाही.

शरीराच्या रक्षणाबाबत कोणतीही काटकसर मान्य करता येणार नाही. शिरस्त्राण ‘स्नेल’ संस्थेच्या ‘एसए’ प्रमाणाचे असले पाहिजे. मोटारसायकलचे, ‘एम’ प्रमाणाचे, चालणार नाही, कारण एसए प्रमाणात आगीची आणि चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या नळीवर डोके वारंवार आपटण्याची चाचणी अंतर्भूत आहे. हे प्रमाण दर पाच वर्षांनी नवे निघते, आणि ट्रॅकवाले जुन्या सालाचे शिरस्त्राण ठराविक मुदतीनंतर नाकारतात. म्हणून स्वस्तात मिळते या मोहाने मुदत संपत आलेले विकत घेऊ नये. अग्निरोधक पोशाखाच्या बाहीवर ‘एसएफआय’ या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेची पट्टी असते. तिच्यावर ३.२ए/१ असे असेल तर त्वचा दुसऱ्या श्रेणीपर्यंत भाजायला चाचणीतल्या ज्वाळेत सुमारे तीन सेकंद लागतात, आणि ३.२ए/५ असे असेल तर सुमारे दहा. आता पाचपदरी पट्टे सोडवून, स्टिअरिंगचे चाक काढून, खिडकीची जाळी पाडून, त्याच खिडकीतून बाहेर पडायला आपल्याला किती सेकंद लागतात, हे घरच्या अंगणात बंद गाडीत घड्याळ लावून पाहावे. असे एकदा करून पाहिलेल्या माणसाला दोन पोशाखांच्या किमतींतील अंतर पुन्हा कधी खुपणार नाही.

मान आणि डोके यांना खांद्यांशी जखडून ठेवणाऱ्या साधनाचा इतिहास तर प्रत्येक नवशिक्याने जाणला पाहिजे. मिशिगन राज्य विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे शर्यतपटू मेहुणे जिम डाउनिंग यांनी ‘हान्स’ हे साधन ऐंशीच्या दशकात सिद्ध केले होते. परंतु ते अवजड वाटते, मान वळत नाही, असे आक्षेप घेऊन बहुतेक चालकांनी ते दूर ठेवले. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर नॅसकारचे नामांकित चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाचे हाड मोडून अंत झाला, तेव्हा कोठे वारे फिरले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅसकारने असे साधन सक्तीचे केले. स्थानिक ट्रॅकांवर खालच्या वर्गात काही ठिकाणी अद्याप त्याची सक्ती नाही, केवळ शिफारस आहे. वाचकांनी ती सक्तीच समजावी. माझे स्पष्ट मत असे की, ज्याला गाडी आणि हे साधन या दोहोंपैकी एकच परवडत असेल त्याने यंदा साधन घ्यावे आणि गाडी पुढच्या वर्षी.

गाडीकडे वळू. ज्यांच्या हातांत वेल्डिंगची कला आहे अशांनाही माझा आग्रह असा की, पहिली गाडी स्वतः बांधू नये; एखाद्याने दोन हंगाम चालवलेली, वरच्या वर्गात जाण्यासाठी विकावयास काढलेली गाडी घ्यावी. कारण पहिली गाडी बांधताना चालकाचे आसन कोठे असावे, पट्टे कोणत्या कोनात यावेत, रेडिएटर चिखलापासून कसा वाचवावा, हे ज्ञान नसते. आणि पूर्वीच्या मालकाने ते आपल्या खर्चाने संपादन केलेले असते. वर्ग निवडताना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या चार सिलिंडरांच्या गाड्यांचा, म्हणजे ज्याला कोठे ‘हॉर्नेट’, कोठे ‘स्पोर्ट कॉम्पॅक्ट’ म्हणतात तो, निवडणे श्रेयस्कर. इंजिन मूळचेच, टायर रस्त्यावरचेच, आणि सुटे भाग भंगारवाड्यात मिळणारे. मात्र नियमपुस्तिका ज्या ट्रॅकवर धावायचे त्याच ट्रॅकची आणि त्याच वर्षाची मागवून घ्यावी. तीस मैलांवरच्या दोन ट्रॅकांत एकाच नावाच्या वर्गाचे नियम जुळतीलच अशी खातरी नसते, आणि विक्रेता सांगतो ती ‘सगळीकडे चालते’ ही ग्वाही तपासनिसापुढे टिकत नाही.

गाडी पाहावयास जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. गुडघे टेकून खाली वाकावे आणि पिंजऱ्याच्या नळ्या जेथे गाडीच्या तळाशी जोडल्या आहेत ती जागा पाहावी. बहुतेक नियमपुस्तिका पावणेदोन इंच व्यासाची आणि ०.०९५ इंच जाडीची पोलादी नळी मागतात. ती जाडी पडताळण्यासाठी तपासनीस नळीला बारीक भोक पाडतो, ते भोक दिसले तर गाडी पूर्वी कोणाच्या तरी नजरेखालून गेली आहे असे समजावे. नळी सांध्यापाशी सर्व बाजूंनी जोडलेली आहे, की फक्त दिसते त्याच बाजूने, हे बोट फिरवून कळते. तळाचा पत्रा गंजून पापुद्रे निघत असतील तर वरचा पिंजरा कितीही भक्कम असो, ती गाडी सोडून द्यावी. आसन ॲल्युमिनियमचे आणि थेट पिंजऱ्याला जखडलेले असावे. पट्ट्यांवर उत्पादनाची तारीख छापलेली असते आणि नेहमीच्या एसएफआय पट्ट्यांची मुदत त्या तारखेपासून दोन वर्षांची असते. तेव्हा गाडीबरोबर पट्टे ‘फुकट’ मिळत असतील तरी नवे पट्टे घेण्याची तजवीज करूनच किमतीची बोलणी करावी. मूळच्या एअरबॅगा काढलेल्या आहेत ना, हेही विचारावे. आणि एवढे सर्व झाल्यावर विक्रेत्याला एकच प्रश्न पुसावा : ‘या गाडीचे मागच्या वर्षी काय काय मोडले?’ जो सांगतो त्याच्याशी व्यवहार करावा. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याशी करू नये.

पहिल्या रात्रीचा क्रम थोडक्यात असा. पिटच्या, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करण्याच्या आवाराच्या, फाटकापाशी जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही करावी लागते. त्या कागदावर बहुतेक लोक न वाचता सही करतात. आपण वाचावा, कारण ज्या हक्कांवर आपण पाणी सोडतो ते कोणते हे त्यात साद्यंत लिहिलेले असते. पुढे सुरुवातीची जागा ठरवण्यासाठी चिठ्ठी किंवा क्रमांकाची गोटी काढतात. गाडीवर बसवावयाचा ट्रान्सपॉन्डर, जो प्रत्येक फेरीची नोंद करतो, भाड्याने मिळतो. कानात घालावयाचा ‘रेसिव्हर’ हा एकतर्फी आकाशवाणीसंच असतो. त्यातून शर्यत-संचालकाचे हुकूम ऐकू येतात, आपल्याला उत्तर देण्याची सोय नसते, आणि ही तरतूद करणाऱ्याला मनुष्यस्वभावाचे उत्तम ज्ञान असावे असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यानंतर चालकांची सभा. तिथे कर्मचाऱ्यांना आपण नवखे आहोत असे स्वतःहून सांगावे आणि पहिले काही आठवडे सर्वांत मागून सुटण्याची परवानगी मागावी. पुष्कळ ट्रॅकांवर तसा नियमच असतो. नसला तरी मागावी. मागून सुटणाऱ्याला पहिल्या वळणावरचा गोंधळ शंभर फुटांवरून पाहावयास मिळतो, आणि पुढे सुटणारा त्या गोंधळाचा भाग असतो.

गाडीत बसताना पट्टे आवळण्याचाही एक क्रम आहे. कमरेचा पट्टा प्रथम, आणि तो पोटावर नव्हे, नितंबाच्या हाडांवर, जितका खाली जाईल तितका. तो पुरता आवळल्यानंतर मांड्यांमधला. आणि सर्वांत शेवटी खांद्यांचे. खांद्यांचे आधी आवळले तर ते कमरेच्या पट्ट्याला वर खेचतात आणि आपटल्यावर सर्व भार आतड्यांवर येतो. श्वास पूर्ण सोडून पुन्हा एकदा आवळावे. यानंतर पट्टे सैल नाहीत ना हे दुसऱ्या कोणी तरी ओढून पाहावे. आपले आपल्याला ते नेहमी घट्टच वाटतात.

चालवण्याच्या कलेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण पहिल्या हंगामास पुरेल एवढेच सांगतो. ओव्हलवर सरळ भागात कोणीही वेगाने जाऊ शकते. फेरीचा काळ ठरतो तो वळणातून बाहेर पडताना गाडी किती लवकर सरळ झाली यावर. नवशिका उलट करतो. तो वळणाच्या तोंडापर्यंत पाय दाबून ठेवतो, मग घाबरून ब्रेक मारतो, गाडी पुढच्या चाकांवर घसरत बाहेरच्या भिंतीकडे जाते, ज्याला तेथले लोक ‘पुश’ म्हणतात, आणि मग मध्यावर स्टिअरिंग आणखी पिळत तो जवळजवळ थांबतो. त्याऐवजी बाहेरच्या बाजूने यावे, वाटते त्याहून दोन गाड्यांचे अंतर आधी पाय उचलावा, गाडीला आतल्या कडेकडे येऊ द्यावे, आणि तेथून पाय हळूहळू दाबत चाक सरळ करीत बाहेर जावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्ये पाय एकदम उचलला तर मागचे अंग गरकन फिरते. अनुभवी चालक याचा वळण्यासाठी उपयोग करतात, नवशिक्याला त्याचा उपद्रवच होतो. म्हणून पायाची प्रत्येक हालचाल सावकाश असावी. डाव्या पायाने ब्रेक दाबण्याची सवय प्रथमपासून लावून घ्यावी. रस्त्यावरच्या गाडीत मात्र ती घरी नेऊ नये.

मातीचा ट्रॅक हा रात्रभर बदलत जाणारा पदार्थ आहे, हे डांबरावरून आलेल्याला उमगण्यास वेळ लागतो. दुपारी पाण्याचे टँकर फिरवून माती भिजवतात, मग जड गाड्या फिरवून ती दाबून बसवतात. सरावाच्या वेळी ती चिकट असते आणि गाडी रुळावर असल्यासारखी वळते. त्या वेळच्या यशावर विश्वास ठेवणारा मनुष्य फीचरमध्ये हमखास गिरकी घेतो. कारण रात्री दहाच्या सुमारास त्याच मातीतला ओलावा उडून मधोमध एक काळपट, चकाकणारा पट्टा तयार झालेला असतो, जो डोळ्यांना ओला आणि टायरांना निसरडा असतो. ओलावा शिल्लक राहतो तो एक तर अगदी आतल्या कडेला, किंवा बाहेर भिंतीजवळ उडून साचलेल्या मऊ मातीच्या बांधाशी, ज्याला ‘कुशन’ म्हणतात. बांधावरून जाणारी वाट वेगवान खरी, पण तो ओलांडला की पलीकडे फक्त भिंत असते. पहिल्या वर्षी तिकडे फिरकू नये. आपल्या आधी दुसऱ्या वर्गांच्या शर्यती चालू असतील तेव्हा पिटमध्ये खुर्ची टाकून गप्पा न मारता कुंपणापाशी उभे राहावे आणि जिंकणारी गाडी नव्हे, मागून तीन-चार जणांना ओलांडून वर आलेली गाडी कोणत्या वाटेने वळली ते पाहावे.

हॉट लॅप्स संपवून पिटमध्ये येताच, वेळेची कितीही टंचाई असली, तरी चाकांच्या आतल्या बाजूस हात घालावा. तेथे रिमच्या खोबणीत भिजल्या मातीचा विटेएवढा गोळा एका जागी चिकटून बसलेला सापडतो. तो तसाच राहिला तर पुढच्या शर्यतीत गाडी इतकी थरथरते की चालकाला वाटावे, बेअरिंग गेले. लांबी भरण्याची पत्र्याची पट्टी घेऊन तो खरवडून काढावा, मग रेडिएटरसमोरची जाळी झाडावी, मग चाकांचे नट पान्याने पुन्हा तपासावेत, उजव्या पुढच्या चाकापासून आरंभ करून. डावीकडेच वळणाऱ्या गाडीत सर्वाधिक भार त्याच चाकावर पडतो आणि हंगामात जे काही मोडते त्यांतले बरेचसे त्याच कोपऱ्यात मोडते. हे काम दहा मिनिटांचे आहे. नंतर मात्र शर्यत-संचालकाची हाक आली की धावाधाव होते.

गाडीच्या जुळवणीविषयी ऐकू येणाऱ्या शास्त्रार्थाने गांगरून जाऊ नये. एक उदाहरण देतो. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्याहून अधिक अंतर कापावे लागते. आतल्या चाकाच्या वाटेची त्रिज्या शंभर फूट आणि दोन चाकांतले अंतर पाच फूट धरले, तर बाहेरचे चाक पाच टक्के अधिक चालते. तेव्हा डाव्या टायरचा परीघ ऐंशी इंच असेल तर उजव्याचा चौऱ्याऐंशी ठेवला म्हणजे मागचा आस आपोआप डावीकडे वळू पाहतो. यालाच ‘स्टॅगर’ म्हणतात, आणि डेल अर्नहार्ट यांचे वडील राल्फ, जे कॅनापोलिसच्या कापडगिरणीतली नोकरी सोडून शर्यतींवर पोट भरू लागले होते, त्यांनी हा प्रकार प्रथम रूढ केला असे मानतात. परंतु ही युक्ती मागची दोन्ही चाके एकत्र जखडलेल्या, मागून चालणाऱ्या गाड्यांची. तुमच्या सिव्हिकची मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, तेव्हा शेजारच्या पिटमधल्या हौशी जाणकाराने स्टॅगरवर कितीही व्याख्यान दिले तरी ते आदराने ऐकून सोडून द्यावे. तुमच्या हाती पहिल्या वर्षी एकच साधन पुरे : टायरमधली हवा. गाडी वळत नसेल तर मागच्या टायरांत हवा थोडी वाढवावी म्हणजे मागची पकड कमी होते. मागचे अंग फिरत असेल, म्हणजे गाडी ‘लूज’ असेल, तर उतरवावी. एका वेळी एकच फेरफार करावा आणि तो वहीत लिहावा : तारीख, ट्रॅक ओला की सुका, चारी टायरांतली हवा, गाडी पुश की लूज. ही रोजनिशी चार महिन्यांत कोणत्याही जाणकाराहून शहाणी होते.

निशाण आणि गिरकी यांबद्दल एकेक गोष्ट. निळ्यावर तिरपा पिवळा पट्टा असलेले निशाण दिसले म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेली गाडी येत आहे. अशा वेळी सौजन्यबुद्धीने एकदम बाजूला सरकण्याचा मोह होतो, आणि नेमका त्याच बाजूने मागचा येत असतो. आपली वाट जशीच्या तशी धरून ठेवणे हेच सौजन्य. गिरकी आली आणि गाडी थांबत नाही असे वाटले तर ब्रेक व क्लच दोन्ही दाबून धरावेत. ब्रेक सोडलेली गाडी उतारावरून घरंगळत मागच्यांच्या वाटेत जाते, आणि दाबून धरलेली गाडी कोठे थांबेल याचा अंदाज त्यांना करता येतो.

अपघातानंतरचा नियम याहून महत्त्वाचा. आग किंवा धूर नसेल तर मदतनीस येईपर्यंत पट्टे न सोडता गाडीतच बसावे. शुद्धीवर आहोत, ठीक आहोत, हे कळवण्यासाठी खिडकीची जाळी तेवढी खाली सोडावी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डेग्वाच्या मातीच्या ट्रॅकवर एक वीस वर्षांचा चालक, आपल्याला भिंतीकडे ढकलले या संतापाने, पिवळे निशाण असताना गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत गेला आणि दुसऱ्या गाडीचा धक्का लागून मरण पावला. त्यानंतर देशभरच्या ट्रॅकांनी उतरण्यास मनाई करणारे नियम कडक केले. काळा पोशाख, रात्र, चिखलाने माखलेली काच आणि वीस गाड्या : त्यांत उभा असलेला माणूस कोणालाही दिसत नाही.

तंटे होणारच. पिटमध्ये दुसऱ्याच्या गाडीकडे शिरस्त्राण घालून तणतणत जाणे म्हणजे मारामारीची लेखी सूचनाच. तसे कधी करू नये. फिर्याद असेल तर ती दुसऱ्या दिवशी सायंकाळी करावी, तोवर दहांतल्या नऊ फिर्यादी विरून गेलेल्या असतात. हेही ध्यानात असू द्यावे की बहुतेक ट्रॅकांवर चालकाच्या बरोबर आलेल्या भाऊबंदांच्या वर्तनाची शिक्षा चालकालाच होते. भारतातून पाहुणे आलेले मामा उत्साहाने भांडायला धावले, तरी बडतर्फी तुमचीच. उलट, ही मंडळी स्वभावतः उदार आहेत हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्याने हीटमध्ये तुमचा बंपर काढला तोच फीचरपूर्वी आपला वेल्डर घेऊन येतो आणि बंपर जोडून देतो. नवख्याने अशा मदतीचा संकोच करू नये. पुढल्या आठवड्यात त्याला तुमचा जॅक लागणार आहे.

खर्चाच्या बाबतीत माझी सूचना अशी की, वर्षाच्या आरंभी जी रक्कम बाजूला काढली असेल तिचा एक तृतीयांश हिस्सा पहिल्या शर्यतीपूर्वी कुलुपात ठेवावा आणि जुलैपूर्वी त्याला हात लावू नये. हंगामाचा उत्तरार्ध हा वाकलेल्या टायरॉडांचा आणि तुटलेल्या ॲक्सलांचा काळ असतो, आणि नवशिके खेळ सोडतात ते भीतीने नव्हे, ऑगस्टमध्ये पैसे संपल्यामुळे. बक्षिसांवर हिशेब बांधू नये. या वर्गात विजेत्याला मिळणाऱ्या रकमेत त्या रात्रीचे सर्वांचे पास, पेट्रोल आणि एक टायर निघाला तरी भाग्य. शिवाय ट्रॅकवाले बक्षीस देताना कराचा अर्ज भरून मागतात. ज्यांचे वास्तव्य नोकरीच्या व्हिसावर आहे त्यांनी असा धनादेश स्वीकारण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. करंडक घेऊन रक्कम नाकारणे हा एक मार्ग आहे. आरोग्य आणि आयुर्विम्याच्या दस्तऐवजांतही मोटारशर्यतीचा अपवाद आहे का, हे पहिल्या शर्यतीपूर्वी लेखी विचारून घ्यावे, आणि घरच्या माणसांपासून ते उत्तर लपवू नये. ज्या घरात या खेळाला संमती नाही तेथे त्याची सुरुवातच करू नये असे मी म्हणेन.

यश मोजण्याचे माप पहिल्या वर्षापुरते निराळे ठेवावे. स्थानिक अजिंक्यपदाचे गुण प्रत्येक रात्री मिळतात, आणि जो दर आठवड्याला हजर राहून दहावा येतो तो तीन रात्री पहिला येऊन चार रात्री गैरहजर राहणाऱ्याला बहुधा मागे टाकतो. तेव्हा किती फीचर पूर्ण केले आणि किती वेळा गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रेलरवर चढली, एवढ्याच दोन नोंदी वहीच्या पहिल्या पानावर ठेवाव्यात. बऱ्याच ट्रॅकांवर हंगामाच्या अखेरीस नवोदितासाठी स्वतंत्र पारितोषिक असते. ते बहुतांशी या दोन नोंदींवरच मिळते.

हा लेख ज्यांच्या हाती हिवाळ्यात पडेल त्यांनी गाडी शोधण्याआधी आपल्या ट्रॅकची नवी नियमपुस्तिका मागवावी आणि खरेदी फेब्रुवारी संपण्यापूर्वी उरकावी. मार्च उजाडला की चांगल्या, सरळ पिंजऱ्याच्या गाड्या विकल्या गेलेल्या असतात आणि बाजारात उरतात त्या कोणी तरी आधीच टाळलेल्या.